एकशे एकावं वांगं

किसनरावांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुरणपोळीवर तुपाची दुसरी वाटी रिकामी केली आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "औंदा बाग मोडतो. सारी. एक बी वाफा ठेवत नाई. जिकडं तिकडं पऱ्हाटी!"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे त्या वर्षी अमरावतीत तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचं नशीब एकदम फळफळलं होतं. अंबागेटाबाहेर कापसाच्या गाड्या इतक्या दाटत की देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना बैलांच्या पोटाखालून वाट काढावी लागे. किसनरावांचे शेजारी शेषराव यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या, आणि आता चाकांच्या धावाही चांदीच्या कराव्या की काय, हा विचार ते चारचौघांत मोठ्यानं करत असत. किसनराव पडले माळी. शहराच्या परकोटाबाहेर विहिरीभोवती त्यांची बाग होती. वांगी, मेथी, कांदे, कडेनं झेंडू. मेथीच्या जोरावर कुणाच्या शिंगांना चांदी चढत नाही, हे शेषरावांचे बैल त्यांना रोज सकाळी दारावरून जाताना सांगत.

पोळी वाढता वाढता दुर्गाबाईंचा हात थांबला. बाग नावानं किसनरावांची असली तरी उभी केलेली दुर्गाबाईंनी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे नुसती हराळी माजली होती. ती त्यांनी मुळासकट उपटली, राखुंडा आणि शेणखत डोक्यावरून वाहिलं, आणि त्या जमिनीत अशी वांगी काढली की भाकरीबरोबर खाताना माणूस बोलायचं विसरे. त्या बागेवर आता वखर फिरणार होता, तोही तुपाच्या वाटीबरोबर ठरून.

"अवो, अन् वांगे?" त्यांनी विचारलं.

"वांगे इकत आनू."

"कोनापासून? सारेच पऱ्हाटी लावून राह्यले. वांगे काय अमेरिकेतून येतीन?"

पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो शालिकराम, दुर्गाबाईंचा भाऊ, मोर्शीहून खास आखाजीला आलेला. साळा हसला की भाऊजींना आपलं मन किती मोठं आहे ते दाखवणं भाग पडतं. किसनरावांनी छाती फुगवली.

"बरं बापा! तुह्या वाफ्याची घरची रीतच हाये, ते मी कायले मोडू? मोटेचा जुना नाडा हाये, चाळीस हाताचा. तो चौफेर लाव, चार कोनाचा वाफा आख, अन् लाव त्यात शंभर वांगे. एका रोपाले हातभर लांब, हातभर रुंद जागा. झालं?"

ही घरची रीत अशी होती : पेरणीआधी मालकिणीचा वाफा आखायचा आणि त्याच्या कोपऱ्यावरून वखराची पहिली ओळ निघायची. वाफा आखल्याशिवाय वखर वावरात उतरायचा नाही. किसनरावांच्या पणज्यापासून हे चालत आलं होतं.

"शंभर?" दुर्गाबाई म्हणाल्या. "असं पुऱ्या आकड्यावर कोनी देते का? वर एक शगुनाचा द्या."

त्यांच्या मनात त्या क्षणी काहीही काळंबेरं नव्हतं. आहेर असो, दक्षिणा असो की भाकरी असो, पुऱ्या आकड्यावर देणं थांबलं तर बरकत थांबते, हे त्या आईच्या दुधाबरोबर शिकल्या होत्या. किसनरावही तेच शिकले होते. त्यामुळे ते आनंदानं उठले, आखाजीला पितरांसाठी भरून पुजलेल्या घागरीसमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "दिला! ह्या घागरीसमोर सांगतो, त्याच नाड्यात, चार कोनाचा, एकशे एक रोपांचा वाफा आखल्याबिगर माहा वखर वावरात जानार नाई."

जातीचे पंच खुशालराव पंगतीतच होते. त्यांनी ढेकर देऊन साक्ष दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव, दुर्गाबाई, शालिकराम, चार खुंट्या, नाडा आणि एकशे एक रोपं असे सगळे वावरात गेले. घरात सरकीची पोती येऊन पडली होती, त्यामुळे किसनरावांना हा वाफ्याचा उपचार न्याहारीच्या आत उरकायचा होता. दहा हात लांब, दहा हात रुंद असा सुरेख चौकोन शालिकरामनं आखला. दहा ओळी, ओळीत दहा रोपं. शंभर झाली. एक रोप त्याच्या हातात राहिलं.

"थोडा लांबव ना," किसनराव म्हणाले.

शालिकरामनं लांबी अकरा हात केली. नाडा तेवढाच, त्यामुळे रुंदी नऊवर आली. नऊ अकरे नव्व्याण्णव. आता दोन रोपं हातात राहिली.

"अजून लांबव!"

बारा आणि आठ. शहाण्णव.

"भाऊजी, जेवढं लांबवून राह्यलो तेवढे रोपं बाहीर येऊन राह्यले!"

"मंग कमी लांबव, बह्याडा!"

साडेदहा आणि साडेनऊ करून पाहिलं. त्यात शंभरालाही पाव रोप कमी पडलं. तोवर बांधावर गर्दी जमली होती, आणि वऱ्हाडात गर्दी जमली की सल्ला फुकट मिळतो. एक म्हणाला, नाडा भिजून आटला असेल. तो उन्हात वाळवला. दुसरा म्हणाला, वाळून आटला असेल. तो भिजवला. शेषराव म्हणाले, खळ्यासारखा गोल वाफा काढा, त्यात मावतील. किसनरावांचा चेहरा उजळला, पण खुशालरावांनी मान हलवली. "गोल असते त्याले खळं म्हंतात. घागरीसमोर चार कोनाचा वाफा ठरला."

मग किसनरावांनी बायकोला बाजूला घेतलं. "अवं, तो एक सोडून दे ना."

दुर्गाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हिरव्यागार बागेकडे, आणि मग त्या खुंट्यांकडे. त्यांच्या मनात काहीतरी लख्ख उजेड पडला असावा, कारण त्या पदर सावरत अगदी गरिबीनं म्हणाल्या, "शगुन कोनी वापस करते का? पितर काय म्हनतीन?"

असा हा गुंता शेवटी त्रिंबकपंत मास्तरांच्या दारात गेला.

त्रिंबकपंत पुण्याकडून सरकारी शाळेत बीजगणित शिकवायला आलेले. पण कापसाच्या तेजीत अमरावतीला बीजगणित नको होतं. शाळेतली निम्मी मुलं कापसाच्या वखारीत तोलाईला गेली होती आणि उरलेली तिकडे जायची वाट पाहत होती. समीकरणावर दोन शब्द बोलायला पंतांना त्या गावात माणूस मिळत नव्हतं. अशात दारात माळी, त्याचा साळा, पंच आणि मागे पंधरावीस माणसं उभी राहिली आणि म्हणाली, लांबी रुंदीचं एक कोडं सुटत नाही. पंतांनी अर्धं पागोटं बांधलं, पाटी घेतली आणि ते गर्दीच्या पुढे धावत वावरात पोचले.

"लांबीला य म्हणू," वाफ्याच्या मधोमध उकिडवे बसून ते म्हणाले. "नाडा चाळीस हात, म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून वीस. लांबी य, तर रुंदी वीस वजा य. बरं, आधी सोपं घेऊ. समजा रोपं शहाण्णवच हवी होती."

"शहान्नव नाई, एकशे..."

"किसनराव, धीर धरा. यचा वर्ग, वजा वीस य, अधिक शहाण्णव, बरोबर शून्य. आता याचे अवयव पाडायचे. ज्यांची बेरीज वीस आणि गुणाकार शहाण्णव असे दोन आकडे सांगा."

"बारा अन् आठ," शालिकराम म्हणाला. सकाळभर तो तेच आखत होता.

"शाबास! म्हणजे य वजा बारा हा एक अवयव, य वजा आठ हा दुसरा. दोघांचा गुणाकार शून्य. आणि गुणाकार शून्य केव्हा होतो? दोघांपैकी एक तरी शून्य असेल तेव्हाच."

किसनरावांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे जोडीतला एक बैल बसला का गाडी उभी."

त्रिंबकपंतांनी त्यांच्याकडे अशा काही प्रेमानं पाहिलं की किसनराव लाजले. ते वाक्य पंतांनी पाटीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. पुढे शंभर रोपांचं समीकरण मांडलं तेव्हा दोन्ही बैल एकाच जागी बसले : य वजा दहा, आणि पुन्हा य वजा दहा. मग पंतांनी एकशे एकाला हात घातला.

"य वजा दहा याचा वर्ग, अधिक एक, बरोबर शून्य."

"हा वरचा एक कोनचा?"

"तोच तुमचा शगुनाचा. आता पाहा. कोणत्याही संख्येला तिनंच गुणलं, मग ती अधिक असो की वजा, तर उत्तर शून्याच्या खाली कधी जात नाही. त्यात वर एक मिळवायचा. त्याचं शून्य कसं होणार?"

"नाई होनार," किसनराव म्हणाले.

"नाहीच होणार!"

"म्हंजे ह्याले उत्तरच नाई?"

किसनराव उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे चांदीच्या शेंब्या चमकू लागल्या. खुशालरावांनीही मान डोलावली, कारण ज्या शब्दाला उत्तरच नाही तो शब्द आपोआप सुटतो, असा पंचांचा जुना कायदा होता. शालिकराम वखर आणायला निघाला. दुर्गाबाईंनी बांधावर बसकण मारली आणि जवळच्या वांग्याच्या झाडावर नुसता हात ठेवला.

"थांबा!" त्रिंबकपंत ओरडले. "उत्तर आहे! एक नाही, दोन आहेत!"

त्या माणसाला तेव्हा गप्प बसता आलं असतं. सगळे खूश होते, ऊन चढलं होतं, आणि त्यांचं पागोटंही सुटलं होतं. पण पंत गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पाटी धोतरानं पुसली आणि ते बोलू लागले.

"वजा एकाचं वर्गमूळ आपल्या नेहमीच्या आकड्यांत नाही. पण ते आहे असं मानलं तर? त्याला त्यानंच गुणलं की वजा एक येतो, एवढंच त्याचं लक्षण. कल्पित म्हणतात त्याला. मग आपले अवयव पडतात! लांबी दहा अधिक ते मूळ, रुंदी दहा वजा ते मूळ. बेरीज करा. अधिक आणि वजा उडून गेले, राहिले वीस. गुणाकार करा. शंभर, आणि त्यातून वजा करायचा वजा एक. वजातून वजा गेला की अधिक. एकशे एक!"

कुणाला फारसं कळलं नव्हतं, पण काहीतरी देखणं घडलं आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

बांधावरून दुर्गाबाईंचा आवाज आला. "मास्तर, बेरीज बरोबर वीस आली?"

"बरोबर वीस."

"अन् गुनाकार एकशे एक?"

"एकशे एक. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही."

"मंग शब्द खोटा नाई ठरला," दुर्गाबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

किसनरावांनी हातात खुंटी घेतली. "चाला, उत्तर हाये तं हाये. सांगा मास्तर, खुटी कुठं ठोकू?"

"खुंटी ठोकता येणार नाही. ही लांबी जमिनीवर मोजता येत नाही."

"हिसोब जमते, अन् खुटी ठोकता येत नाई?"

"अगदी बरोबर सांगितलंत!" पंत आनंदानं म्हणाले. किसनरावांनी खुंटी आपल्याच पायावर टाकली.

खुशालरावांनी बराच वेळ दाढी खाजवून निवाडा दिला. उत्तर नसतं तर शब्द सुटला असता. वाफा आखता आला असता तर शब्द पुरा झाला असता. पण उत्तर आहे आणि वाफा आखता येत नाही, तेव्हा शब्द जिवंत आहे. पुढच्या आखाजीला नवी घागर भरेपर्यंत वखर उतरणार नाही. पंचाईत मोठी होती, पण निवाड्यात खोट काढायला जागा नव्हती.

संध्याकाळी किसनराव एकटेच पंतांच्या घरी गेले. पंत घोंगडीवर बसून तेच समीकरण नव्यानं मांडत होते.

"मास्तर, तुमाले कापसाची गादी भरून देतो. नवी. उशीसंगट. फकस्त एवढं म्हना का उत्तर नाई."

घोंगडी टोचत होती. पुण्याहून आल्यापासून पंतांची पाठ एक रात्रही सुखानं टेकली नव्हती, आणि गादीचं नाव ऐकून त्यांनी नकळत कमरेवर हात ठेवला. पण मग ते हळू आवाजात म्हणाले, "किसनराव, या गावात सगळं काही मिळतं. फक्त माझ्या विषयाला कुणी विचारत नाही. आज पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि मी खोटं सांगू?"

किसनराव रागानं निघून गेले खरे, पण वाटेत त्यांचा राग कुठंतरी सांडला. शब्दाला चिकटून बसलेला माणूस दुसऱ्या चिकट माणसाला चटकन ओळखतो. किसनराव घागरीसमोर दिलेला शब्द मोडून दुसऱ्या दिवशी खुशाल वखर फिरवू शकले असते, कुणी त्यांचे हात धरले नसते. त्यांच्या मनाला ते शिवलंदेखील नाही. माणूस हट्टी होता, दिखाऊ होता, पण असली माणसं पाहिली की ऊर भरून येतो.

तरी आशा सुटत नाही. अकोल्याला पंतांपेक्षा मोठे कुणी गणिती आले आहेत असं शालिकरामनं ऐकलं होतं. दोघं गाडी जुंपून अकोल्याला निघाले. वाटेत गाडीचा आख मोडला, तो बसवेपर्यंत मृग लागला, आणि गाडी चिखलातून ओढत ते पोचले तेव्हा अकोल्याचे गणिती तापानं फणफणले होते. ते उतरेपर्यंत हे दोघं ओसरीवर बसून राहिले. अंगात थोडी ताकद येताच त्या गृहस्थांनी समीकरण पाहिलं, आणि त्यांचा उरलासुरला ताप आनंदानं गेला. उत्तरं तीच निघाली. वर त्यांनी समजावलं की अशी कल्पित उत्तरं एकेकटी कधी येत नाहीत, नेहमी जोडीनंच येतात, एक अधिक आणि एक वजा.

"जोडीनं येतात, अन् कामाले एक बी जुंपता येत नाई," किसनराव गाडीत बसताना म्हणाले.

ते परत आले तेव्हा पेरणीचे दिवस सरले होते. शेषरावांच्या वावरात कपाशी वीतभर झाली होती. किसनरावांच्या वावरात वांगी, मेथी, कांदे आणि झेंडू जसेच्या तसे होते, उलट दुर्गाबाईंनी मधल्या काळात भेंडीही लावून टाकली होती. "रान रिकामं कायले ठेवाचं?" त्या म्हणाल्या. घरातली सरकी म्हशीला घालावी लागली. म्हैस इतकं घट्ट दूध देऊ लागली की किसनरावांना रुसून बसणंही जड गेलं.

त्या वर्षी परकोटाबाहेर ज्यानं त्यानं कपाशी लावली होती. दिवाळीच्या आधीच गावात भाजी दिसेनाशी झाली. कापसाच्या दलालांना, गाडीवानांना, शिपायांना जेवायला तर लागत होतंच. पहाटेपासून किसनरावांच्या बांधावर टोपल्या घेऊन माणसं बसू लागली. एकदा शेषरावांचे बैल दारावरून गेले, शेंब्यांसकट, आणि किसनरावांनी मेथीच्या जुड्या बांधताना मान वर करून पाहिलंही नाही.

मग आखाजी जवळ येऊ लागली तसा कापूस घसरला. अमेरिकेतली लढाई मिटायला आली होती. मुंबईचे दलाल एका आठवड्यात असे नाहीसे झाले की त्यांच्या चुली गरमच राहिल्या. शेषरावांच्या ओसरीत, माजघरात, देवघरात कापूस भरून राहिला, आणि बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या एके दिवशी गुपचूप उतरल्या. दुर्गाबाई त्यांच्या घरी रोज न विचारता वांग्याची टोपली ठेवून येत.

आखाजीला पुन्हा पंगत बसली. या वेळी किसनरावांनी त्रिंबकपंतांना स्वतः जाऊन बोलावून आणलं आणि आपल्या शेजारचा पाट दिला. घागर भरली होती. खुशालराव साक्षीला होते. शालिकराम मोर्शीहून नवी बातमी घेऊन आला होता.

"भाऊजी, लोक म्हनून राह्यले का कापूस पुन्हा चढते. औंदा सरकी मातीमोल भेटते. सारी बाग मोडून टाका, मी सांगतो!"

किसनरावांचा घास हातात थांबला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते दुर्गाबाईंना दिसलं. त्या पुढे आल्या आणि वाद नको म्हणून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मले शंभराचा वाफा बस हाये. औंदा तुमचा तुमी हिसोब पाहा."

"शंभर?" किसनराव पाटावरून उठले. "शंभरावर कोनी थांबते का? शगुनाचा एक कुठं गेला?"

"अवो, पन मंग वाफा आखता येनार नाई..."

"मले समजते!" किसनराव घागरीसमोर जाऊन उभे राहिले. "एकशे एक रोपं, चाळीस हाताचा नाडा, चार कोनाचा वाफा. अन् तो आखल्याबिगर माहा वखर वावरात जानार नाई." मग ते पंतांकडे वळले. त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "मास्तर, शालिकराम बोलला अन् माह्या मनात पुन्हा पऱ्हाटी उगवली, खोटं काहून सांगू. मले माह्या मनाचा भरोसा नाई. तुमच्या उत्तराचा हाये. ते मागच्या सालासारखंच हाये ना?"

"तसंच आहे," त्रिंबकपंत म्हणाले. "ते कधीच बदलणार नाही."

दुर्गाबाईंनी मास्तरांच्या पानात वांग्याची भाजी वाढली. परसदारी उन्हात एक नवी कोरी कापसाची गादी पसरलेली होती, उशीसकट, आणि जेवण झाल्यावर शालिकरामला ती डोक्यावर घेऊन पंतांच्या घरापर्यंत जायचं होतं.